मातशें फाटीं

गालजीबागच्या सुरूंखाली गाडी थांबली तेव्हा
करमळ घाटापासूनचा आमचा अबोला
अजून चालूच होता.

कॅरव्हॅनच्या चाकांना दगड लावले,
साखळ्या सोडल्या, दिव्यांची वायर काढली,
खटका उघडून जॅक फिरवला,
तर दांड्याबरोबर गाडीचीच शेपूट वर यायला लागली.
गोळा सुटेना.
हातोडी मारली. लाथ मारली.
एक शिवीही, जी वैजयंतीने ऐकली
आणि समुद्राकडे बघत राहिली.

माडावरून उतरलेला इनास
कमरेचा कोयता मागे सारून वाकला,
दुखरा दात बघावा तसं त्या जोडाकडे बघितलं.
‘ओढून धरलंय तू,’ म्हणाला,
‘ओढलेलं सुटत नाय.
मातशें फाटीं घे.’

वैजयंती स्टिअरिंगवर बसली.
मी मागे उभा, हाताने सांगत:
ये. अजून. बोटभर. बस, बस.
घाटानंतरचे माझे तिच्याशी पहिले शब्द.

ठक्क.
गाडीची कंबर हलकी होऊन वर आली.
गोळा उघडा, ग्रीसमध्ये वाळू,
एकाच बाजूने घासून चकाकलेला.
इनासने त्यावर करवंटी उलटी घातली.
पैसे नको म्हणाला. काडेपेटी मागितली,
ती आमच्याकडे नव्हती.

मग मी पाव आणायला एकटाच निघालो.
माशेंच्या वळणावर अजूनही
गाडी रुंद घेत होतो,
आरशात कॅरव्हॅन शोधत.
मागे नुसता रस्ता.
क्लचपाशी तिची एक चप्पल.