एक तारीख, वॉर्ड नंबर चार

भरमू, ती सायकल कुणाची होती रे?
तुला पंधरा वर्षांत
बुलेटशिवाय कुणी बघितलेलं नाही.
फोटोत मात्र सगळ्यात पुढं तू,
दंडावर काळी फीत, मूठ वर,
मागं शहापूरची गल्ली, निम्मी शटरं बंद.
मूठ तीनदा वर केलीस म्हणे,
पहिल्या दोनदा
फोन धरणाऱ्या पोराचं बोट मध्ये आलं.

मी नव्हतो. तू लिहिलंसच खाली:
"काही जवळचेच आज घरात बसले.
इतिहास लक्षात ठेवील."
नाव नाही घातलंस.
दोनशे अकरा जणांनी अंगठा दाखवला,
त्यात माझा मेव्हणाही.

मी घरात नव्हतो.
तुझ्या आईला घेऊन डोळ्याच्या दवाखान्यात होतो.
तूच म्हणालेलास, "तेवढं तू बघ की."
फॉर्म सगळा कानडीत.
मला अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही.
आमच्या शेताचा उताराही असाच वाचतो मी,
आकडे तेवढे ओळखीचे.
म्हणजे राग मलाही आहे, भरमू.
तुझ्या वडिलांच्या नडगीवरची शहाऐंशीची खूण
आपण दोघांनी बोट लावून बघितलीय.
तिचा कुणी फोटो काढला नव्हता.

ऑपरेशन झाल्यावर नर्स आली,
"एल्ली नोवु, अव्वा?"
आणि तुझी आई,
आपल्याला अस्सल मराठीत शिव्या घालत जिनं वाढवलं,
ती घडाघडा कानडी बोलत सुटली.
गोकाकचं माहेर, गुडघे, सून, तू.
तुझ्याबद्दल काय सांगितलं, कळलं नाही.
दोघी हसल्या मात्र.

संध्याकाळी आलास कुंद्याचा पुडा घेऊन,
फीत तशीच दंडावर.
खिडकीकडं बघत म्हणालास,
"पोस्ट बघितलीस?"
"बघितली."
"तुझ्यासाठी नव्हती ती."
"बरं."
पंखा कुरकुरत होता.
कुंदा कुणी उघडला नाही.

तिनं उघड्या एका डोळ्यानं तुला न्याहाळलं,
जवळ बोलावलं, दंड चाचपला.
"ही पिन माझी," म्हणाली,
"परवापासून शोधाय लागलेय."
आणि काढून घेऊन
पदराला टोचली.

फीत घरंगळत कॉटखाली गेली.
तू वाकतोस का, मी बघत राहिलो.
मी वाकतो का,
तू.