फाटकावरचा आकडा

सेक्रेटरी पेडगावकर सकाळीच आले,
सायकल स्टँडला न लावता हातातच धरून म्हणाले,
बब्रू, दहा खोडायचे. पन्नास लिहायचे.
आणि खाली बारीक अक्षरात:
नांदेडकडच्या प्रेक्षकांना ऐंशी.

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला.
महाग ते सगळे बारीकच लिहायला लावतात,
धंद्यात एवढं शिकलोय.

सोळा वर्षं हे पत्र्याचं फाटक रंगवतोय.
लोको इलेव्हन, पूर्णा.
इंजिनाचं चित्र माझंच, धूर जरा जास्त झालाय.
शेड बंद पडली, रुंद रूळ आले,
साहेबांचे बंगले बाभळींनी खाल्ले,
टीम तेवढी राहिली,
जुन्या रुळांचे गोलपोस्ट
अन् नदीवरच्या भोयांनी विणून दिलेली जाळी घेऊन.
यंदा सात मॅच. सहा हरलो.
सातवी बरोबरीत सुटली, कारण समोरच्यांचा टेम्पो
वसमतजवळ पंक्चर झाला
अन् ते आठच जण पोचले.

पेडगावकर वाईट माणूस नाही.
त्याच्या वहीत डोकावलोय मी:
रेफ्रीचे राहिले, टेम्पोचे राहिले,
दोन चेंडू उधारीवर, एक पोराच्या वाढदिवसाचा.
भाव वाढवला की खड्डा भरतो,
असं त्याला कागदावर दिसतं.
कागदावर आमचं मैदानही सपाट आहे.

पण दशरथ खिल्लारे कागदावर बसत नाही.
तो बसतो कोपऱ्यातल्या झेंड्यामागं, उपड्या डब्यावर,
शेडात फिटर होता तेव्हापासून.
हरलो तरी उठत नाही,
ऊन उठलं की उठतो.
अन् अस्मा, मोंढ्यातल्या हमालाची पोरगी,
बापाच्या चहातले दहा वाचवून येते
गोलकीपर इलियासला शिव्या घालायला.
पन्नासात तिला शिव्या परवडायच्या नाहीत.
मग इलियासला कोण सांगणार,
आरं मुडद्या, डावीकडं झेप घे म्हणून?

नांदेडची पोरं पॅसेंजरनं येतात,
हलगी घेऊन, अर्धी विनातिकीट.
आपल्याकडं पाहुण्याच्या चहात
साखर जास्त पडते. भाव नाही.

हे मी बोललो नाही.
पेंटरानं बोलू नये, रंगवावं.
पाचाची शेपटी छान आली.

रविवारी फाटकाशी उभा होतो.
आत अकरा आपले, अकरा त्यांचे, रेफ्री
अन् खुर्च्यांवर तेवीस जण.
बाकी गाव रुळापलीकडच्या भरावावर,
खडीवर रुमाल टाकून, फुकट.
दशरथही तिथंच, डबा उचलून गेलेला.
एवढ्या लांबून त्याला चेंडू दिसत नाही.
शेजारच्याला विचारतो, कुणाकडंय?
शेजारचा नांदेडचा.
तो खरं सांगतो.

पासष्टाव्या मिनिटाला मालगाडी आली,
मधूनच, सावकाश, अठ्ठावन्न डबे कोळशाचे.
तेवढ्यात गोल झाला.
आपला. दीड महिन्यातला पहिला.
तेवीस जणांच्या टाळ्या,
एक भाकरी थापावी एवढ्या.
सुदर्शन सवयीनं कोपऱ्याकडं पळाला, हात पसरून.
तिथं मातीत डब्याचा वाटोळा ठसा होता.
तो त्याच्यापाशी थांबला,
मग जाणाऱ्या डब्यांकडं बघत राहिला,
शेवटचा डबा जाईपर्यंत.
पलीकडं कुणाला कळलंच नाही.

संध्याकाळी पेडगावकरांनी गल्ला मोजला.
अकराशे पन्नास.
मागच्या वेळी, दहाप्रमाणं, एकोणीसशे.
पुन्हा मोजला. तेवढेच.
खोडायचे किती घेशील, म्हणाले.
म्हटलं, खोडायचे घेत नाही, लिहायचे घेतो.
लिहायचं किती?
ते गप्प. बराच वेळ.
मग म्हणाले, दशरथला विचारून सांगतो,
अन् सायकल भरावाकडं वळवली.
चेन उतरलेलीच होती,
ढकलतच निघाले.