डंख

वाऱ्यामुळे आज अन्स्टला बोट आली नाही.
ऑस्ला टोपलीतली उरलीसुरली लोकर चिवडते:
लॉवरीच्या उसवलेल्या मोज्याची काळी,
कुणाच्या तरी टोपीची हळदी,
पांढरी मात्र थेट कुंपणाच्या तारेवरून वेचलेली.

सुई खुपसायची, उपसायची,
खुपसायची.
लोकर मोठी हट्टी,
भोसकल्याशिवाय एकजीव होत नाही.
मधेच एखादा टोचा बोटालाही.

पोट झालं, पट्टे झाले.
पंखांपाशी कट्कन आवाज,
सुईचं टोक आतच राहिलं.

चिमट्याने शोधलं, दिव्याखाली धरलं.
नाहीच.
"असू दे," ती म्हणाली,
"आता खरी माशी झालीस."

मागे पिन शिवली.
उद्या लेरविकला निघालेल्या लेकीच्या
कोटावर लावली.

निरोपाची मिठी
जरा तिरकीच मारावी लागेल.