तळवे

ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात.
ज्याचं झिजतं, त्याचं मात्र
आधी मला कळतं.
मी एलिएसेर ओयार्सो, बुटांची दुरुस्ती,
पुन्ता अरेनास, सामुद्रधुनीकडे उतरणारी गल्ली.
दाराला घंटी नाही. आधी वारा आत येतो,
मग गिऱ्हाईक.

इथला वारा तुम्हाला ठाऊक नसेल.
काही दिवस चौकात दोर बांधावे लागतात
माणसांना धरायला.
आणि अशा गावात लोक आपणहून पळतात,
मागे कुत्रं नसताना.
किनाऱ्याच्या रस्त्यावर जाताना वारा डावीकडून ढकलतो,
येताना उजवीकडून,
म्हणून इथले बूट दोन्ही अंगांनी झिजतात.
एकाच अंगानं झिजलेला दिसला
तर समजावं, गडी येताना बसनं आला.

दानित्सा दर तीन महिन्यांनी येते.
चवड्याखाली भोक, टाच जवळजवळ कोरी.
म्हणजे घरातून निघतानाच सुसाट.
डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणते.
एकदा डिंक वाळायची वाट बघत बसली होती,
बाहेर गारा वाजत होत्या,
तेव्हा न विचारता बोलली:
घरात बाबांचं ऑक्सिजनचं यंत्र रात्रभर घरघरतं,
दोन पोरं, नवरा माशांच्या कारखान्यात रात्रपाळीला,
पळताना चाळीस मिनिटं
मला कोणी हाक मारत नाही.
मग घाईनं, कोणाला सांगू नका हं.
मी सांगितलेलं नाही.
तुम्ही काय, इथले नाही.

जकातीतल्या येर्कोचे तळवे धड असतात,
तुटतात त्या नाड्या.
सिगारेट सोडल्यापासून पळतो,
आणि दर वळणावर थांबून गाठ सोडतो, बांधतो.
हातांना काहीतरी लागतं.

नोल्फाबाईंनी मला भूगोल शिकवला होता.
उजव्या बुटावर, मधोमध, गोल घासलेली एक जागा,
पेल्याच्या बुडाएवढी.
कोणीतरी एका पायावर गर्रकन वळावं, तशी.
मी विचारलं, कुठे वळता?
म्हणाल्या, स्मशानभूमीच्या फाटकापाशी.
आत नाही जात?
अजून तेवढा दम नाही रे माझ्यात.
पैसे मोजून ठेवले, सुटे,
आणि वर्गात द्यायच्या तशी एक नजर दिली.
मी खिळे मोजायला लागलो.

आता त्या निळ्या जोडीबद्दल.
पावतीवर एकच शब्द, मान्सिया.
चौदा महिने झाले, न्यायला आला नाही.
भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय
सहा महिन्यांनंतर माल दुकानदाराचा.
एक्केचाळीस नंबर.
माझाही एक्केचाळीस.

जूनमध्ये इथे पाचालाच अंधारतं.
एका संध्याकाळी फळी लावली, दिवा मालवला,
आणि घरी जायचं ते
पायात ते निळे चढवून उताराला लागलो.
घरी सगळं ठीक होतं, उगाच काही काढू नका.
सूप होतं, बायको होती, बातम्या होत्या.
दोन खांब पळालो, तिसऱ्याला धरून उभा राहिलो.
दुसऱ्या दिवशी तीन.
आता पाणकावळ्यांच्या मोडक्या धक्क्यापर्यंत जातो;
ते सगळे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले असतात,
एकही मान वळवत नाही.

मान्सियाचा डावा पाय आत पडायचा.
पहिले काही दिवस मीही तसाच पडत होतो,
त्याच्या खळग्यात माझं पाऊल,
जणू त्याचंच कुठेतरी जायचं राहून गेलेलं
मी पोहोचवतोय.
काल बूट उलटे करून दिव्याखाली धरले.
एकतीस वर्षं लोकांचे तळवे वाचतोय.
माझं काही लागेना.
त्याचं कुठे संपतं, माझं कुठे सुरू होतं,
नुसतं रबर, थोडी वाळू,
एक शिंपल्याचा तुकडा.

बायको विचारते, कशासाठी रे, ह्या वयात?
मी म्हणतो, डॉक्टरांनी सांगितलंय.

आणि तो मान्सिया पावती घेऊन आलाच एखाद्या दिवशी
तर फळीवरच्या अक्षराला कोण विचारतो,
काढून द्यावे लागतील.
म्हणून हल्ली
दुकान जरा लवकर बंद करतो.