चाळीस टन

पुलाच्या अलीकडे गोल पाटी आहे : चाळीस टन.
ती मी रंगवली. तीन वर्षांमागे, सप्टेंबरात.
रंग पुरला नाही म्हणून शून्य जरा बारीकच राहिलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली समिती आली.
गाडीवर निळं कापड, बारा तारे.
त्यांनी टेप लावला, खांबाला हातोडी मारून कान दिला,
गर्डरचा गंज नखानं खरवडून पिशवीत घेतला,
माझी नोंदवही चाळली आणि जपून परत दिली.

चौथ्या आठवड्यात दुसरी.
यांचंही कापड निळंच, जरा गडद,
मधोमध एकच तारा, होकायंत्रासारखा.
टेप. हातोडी. कान. नख. पिशवी.
म्हटलं, परवाच मोजलाय की!
कॅप्टन म्हणाला, तो त्यांनी.
मग आकडा त्यांनाच विचारा ना?
तो हसला. बाई, त्यांचा कागद गोपनीय, आमचाही गोपनीय.
कपाटं मात्र एकाच शहरात,
मध्ये ट्रामचे चार-दोन थांबे.

इथे सत्तावीस देश, तिथे बत्तीस,
आणि तेवीस दोन्ही पंगतींत.
आमचा लिथुआनिया त्या तेविसांतला,
दोन्हीकडे पान मांडून बसलेला.

ऑगस्टमध्ये दोघांना एकत्र बसवलं ते आमच्या सरपंचबाईंनी,
वाचनालयात, बीटच्या गार गुलाबी सूपावर.
मेजर लाकाझ म्हणाले, आपलं घर आपणच राखायला शिकलं पाहिजे,
समुद्रापलीकडचा थोरला दर वेळी फोन उचलेलच असं नाही.
कर्नल व्होइचेहोव्स्का म्हणाल्या, तो उचलतोय तोवर
आपण दुसरा नंबर फिरवत बसलो
तर म्हणेल, बरं झालं, सुटलो.
दोघांचंही बरोबर होतं.
हीच तर पंचाईत.
सूपात सायीचं पांढरं वेटोळं फिरत राहिलं,
कुणी चमचा उचलेना.

ग्रंथपाल झिद्रूने कधी बोलत नाही. ती बोलली :
रणगाडा साठ टनांच्या वर. पूल चाळीसचा.
वरचे वीस कोण उचलणार?
मेजर म्हणाले, निधी आमचा, पण लष्करी भाराचं मानक त्यांचं.
कर्नल म्हणाल्या, मानक आमचं, पण पूल बांधणं आमच्या खात्यात येत नाही.
दोन घरचा पाहुणा
खाली नदीत पाय सोडून
उपाशी उभा होता.

त्याच टेबलावर दोन याद्या होत्या.
मी उलट्या बाजूनं वाचल्या; नोंदी ठेवून ठेवून ती सवय झालीय.
दोन्हींत तीच बटालियन, तौतविदासची.
हे मोजतात तेव्हा तो यांचा,
ते मोजतात तेव्हा त्यांचा,
बेरजेत दोन.
मी मोजते तेव्हा एक.
त्रेचाळीस नंबरच्या बुटांचा एकच जोड
दाराशी, चिखलासकट.

या जागी पूर्वीही एक पूल होता.
तो जाता जाता कुणी उडवला
हे ज्यांना पक्कं माहीत होतं
त्यांनी मला दोन वेगळी नावं सांगितली.
पाणी कमी झालं की त्याचा एक खांब दिसतो,
त्यावर बगळा बसतो. त्याची नोंद नाही.

मी काही तज्ज्ञ नाही.
रात्री उठून विचार करते तेव्हा वाटतं,
एक कुलूप निघालं तर दुसरं असावं.
मग वाटतं, दोन कुलपांच्या भरवशावर
दोघंही घरधनी दार नुसतंच लोटून झोपले तर?
मग कूस बदलते.

शनिवारी तौतविदास सायकलवरून आला.
पूल ओलांडताना तिसरी फळी वाजली, नेहमीसारखी.
आई, काय ठरलं?
नोव्हेंबरात परत मोजणार.
कोण?
मी बटाटे सोलत होते. म्हटलं, दोघं.
तो इतका हसला की मलाही हसू आलं.

जाताना पिशवीत राईची पाव घातली, मध घातला,
पाटीपर्यंत सोबत गेले.
रंगाचा डबा बरोबर होता,
त्या शून्यावर एक हात द्यायचा होता.
तो वळणाआड जाईपर्यंत ब्रश तसाच हातात,
आणि पांढरा थेंब
माझ्या बुटावर.