चावीवाल्याचा जबाब

लिहा साहेब. यादगिरी नरसय्या कुडक्याल.
नाही, कुलकर्णी नाही. कुडक्याल.
वय सत्तावन्न. काम, पाणी सोडणे.
आमच्याकडं पाणी येत नाही, सोडावं लागतं,
पाचव्या दिवशी, कधी सहाव्या,
रात्री दोनला, पहाटे चारला.
खांद्यावर लोखंडी चावी, सायकलला दिवा नाही.
बायका नवऱ्याची वाट बघत नसतील इतकी माझी बघतात.

जुन्या गिरणीमागचा वॉल्व, सव्वीस आटे.
डावीकडं सव्वीस फिरवले
की विडी कामगारांच्या घरकुलात हंडे वाजायला लागतात.
उजवीकडं सव्वीस, की गप्प.

फोन आला पावणेबाराला.
भाऊ स्वतः बोलत नाहीत.
भाऊंचा आवाज मी फक्त भोंग्यातून ऐकलाय,
गड्ड्याच्या जत्रेत, उद्‌घाटनाला.
बोलला तो कुणी ‘आपला माणूस’:
काय करालाव बे कुडक्याल?
होटगी रोडला लॉनवर भाऊंच्या घरचं लग्न हाय.
घरकुलाची लाईन बंद कर, तिकडं फिरव.
पुढचं मी सांगेपर्यंत.

मी म्हणालो, लेखी द्या.
तो हसला.
हसला, असं लिहिलं का? बरं.
पण कसा हसला ते तुमच्या कागदावर येणार नाही.

लॉनवर कारंजं उडत होतं.
बघितलं मी, खोटं कशाला सांगू,
निळ्या लाइटात पाणी चांगलं दिसतं.

दोन पाळ्या कोरड्या गेल्या.
अकराव्या रात्री पोशव्वा मेरगू
हजार विड्या वळून, पेंढ्या बांधून, सूप भिंतीला लावून
दोर आणि कळशी घेऊन
बंद गिरणीच्या विहिरीवर गेली.
सकाळी कळशी तरंगत होती.

तिसऱ्या दिवशी भाऊ आले. कॅमेरे आधी आले.
सत्काराच्या आणि सांत्वनाच्या चादरी
त्यांच्या गाडीत एकाच गठ्ठ्यात असतात.
त्यातली एक एल्लप्पाच्या खांद्यावर टाकली.
एल्लप्पानं कोपरा चाचपला. दोनदा.
म्हणाला, ही माझ्याच मागावरची.
हितं धागा तुटला होता, मी गाठ मारली.
हितं चूक हाय. माझी हाय.
भाऊंना वाटलं, दुःखानं बडबडतोय.
त्यांनी पाठ थोपटली आणि घड्याळ बघितलं.

आता चौकशी.
समितीला मुदतवाढ, मग आणखी मुदतवाढ,
तोवर भाऊंनी पक्ष बदलला.
तुम्ही बाहेरचे, तुम्हाला आमची चादर माहीत नसेल:
उलटी केली तरी नक्षी तीच.
इकडचं लाल तिकडं पांढरं, तिकडचं पांढरं इकडं लाल,
मोर तिथंच, मान तेवढी दुसरीकडं.
पाणीपुरवठ्याची बैठक आता भाऊच घेतात.
तुमचं पत्रसुद्धा त्यांच्याच टेबलावरून आलंय,
शिक्का बघा.

लॉगबुकाचं ते पान भिजलं म्हणतात.
पाण्याच्या खात्यात पान भिजतंच, साहेब.
पण अकरा दिवसांत
तेवढ्याच एका पानावर पाणी कसं पोचलं,
घरकुलात पोचलं नाही ते?

चावी कुणी फिरवली?
मी.
हे ठळक लिहा.
सव्वीस आटे. एकेक आटा जड असतो, कुंथावं लागतं,
दोन आट्यांच्या मध्ये माणूस श्वास घेतो.
म्हणजे नाही म्हणायला
मला पंचवीस वेळा जागा होती.
घरी बायको होती, अडीच वर्षांची नोकरी उरली होती,
ते लिहू नका. ते कारण झालं.
ती माझी गाठ. माझ्या कोपऱ्यात असू दे.
बाकीची चादर कुणाची, ते मात्र विचारा.
मला विचारून झालं, आता वर विचारा.

झालं? द्या पेन.
नाही, खाली नाही करणार सही.
शेवटच्या शब्दाला चिकटवून करतो,
मध्ये बोटभरही जागा सोडत नाही.
आटे मोजणारा माणूस आहे मी.
उद्या या मोकळ्या जागेत
कोण काय सोडेल, सांगता येत नाही.