सव्वीस पिना

पावणेतीनला बस्त्यांवचा फोन.
"चाकां अर्धीच फिरतत गो. माल वर येवक लागलो."
आचऱ्याची भरती नुकती थांबलेली,
स्कूटीच्या उजेडात खेकडे रस्ता ओलांडत होते,
आणि चार नंबरच्या तळ्यात
लाखभर कोळंबी पृष्ठभागाला चिकटून
हवा मागत होती,
आवाज न करता.

आवाज भलतीकडून येत होता.
पाच नंबर तळं उपसून सुकत घातलेलं,
त्याची चाकं बांधावर ओढून ठेवलेली.
ती पूर्ण वेगात
अंधाराला वारा घालत होती.

पॅनेल उघडलं.
कडी लावा, रबर लावा, मीठ आत येतंच,
ते इथलं जुनं कूळ आहे.
काल दुपारी नवं विस्तार-कार्ड बसवून गेलेल्या पोराने
रिबन केबल एक घर सरकवून दाबली होती.
टोकाच्या दोन पिना उघड्या,
बाकी सगळ्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात.
तिनाचा हुकूम चाराला.
तिनात कालच सोडलेली पिल्लं, त्यांना थोडकीच हवा पुरते.
चाराचा हुकूम पाचाला.
पाचात कोण आहे?

मेन बंद केला.
सगळी तळी एकदम गप्प.
इतकी, की बस्त्यांवने हातातली बॅटरी दुसऱ्या हातात घेतली
तेही ऐकू आलं.

केबल सरळ वर ओढायची, झुलवायची नाही.
मी घाईत झुलवली.
सातवी पिन वाकली.
पेनातली संपलेली रिफिल काढली,
तिचं तोंड पिनेवर टोपीसारखं घातलं,
आणि श्वास धरून
उभी केली तिला.
पितळ दोनदा वाकतं. तिसऱ्यांदा मोडतं.
ही पहिली होती की दुसरी, मला काय ठाऊक.

"लाल रेघ खंयच्या बाजूक?"
"एक नंबरच्या."
"मगे आदी मोज. मगे दाब."
त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोती उतरलाय.
नखाने मोजल्या त्याने,
एकेक, जाळ्याची घरं मोजावीत तशा:
वर तेरा, खाली तेरा.
मी दाबलं. दोन्ही कानांनी टक् केलं.

"ह्यां कार्ड काय करता गो?"

काय सांगणार.
दुसरी कार्डं हो म्हणतात, नाही म्हणतात,
दिवा लागतो, दिवा जातो.
हे तसं नाही बोलत.
हे म्हणतं: इल्लासा.
मग: आनी इल्लासा.

मीटरची टोकं लावली.
दोन व्होल्ट. तीन पॉइंट आठ.
चाराच्या चाकांनी पाणी उचललं,
खाली टाकलं, पुन्हा उचललं,
सहा, सात पॉइंट एक,
फेस पांढरा होत गेला.
बस्त्यांव बांधावर उकिडवा बसून
दर आकड्याला म्हणत राहिला,
"इल्लासा. आनी इल्लासा."
जणू चाक तोच फिरवतोय.

कडेला साताठ मेलेल्या होत्या.
जाळीने काढल्या, मोजल्या नाहीत.

वहीत लिहिलं:
बिघाड, चार नंबर. वेळ, तीन वाजून बावीस.
कारण, एक घर चुकलं.
सही, दर्शना ना. कुबल.

त्या पोराचा नंबर काढला
आणि परत खिशात टाकला.
झोपला असेल.
सकाळी सांगीन, आणि रिफिलही दाखवीन.

पाच नंबरची चाकं आता थांबलेली.
जवळ गेले तर अजून कोमट होती.